धूर गेला, जाळ उरला

बंदुकीच्या दारूचा इतिहास म्हणजे मारा वाढवण्याचा इतिहास, असे मानले जाते. पण तो लपण्याचाही इतिहास आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या काळ्या दारूचा पांढरा लोट नेमबाजाची जागा दिवसाढवळ्या उघड करी. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून जवळजवळ बिनधुराची दारू बनवली, १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आले आणि दिवसाचा प्रश्न सुटला. रात्रीचा उरला. नळीतून सुटणाऱ्या वायूंत न जळलेला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो; हवेशी गाठ पडताच तो तोंडाशी भडकतो. जागा शत्रूला कळते आणि डोळे दिपतात नेमबाजाचे.

नळी लांब ठेवली किंवा तोंडावर जाळ विखुरणारी जोडणी बसवली की भागते, असे कोणी म्हणेल. बंदुकीपुरते ते बरेचसे खरे. मोठ्या तोफांचा भडका मात्र तेवढ्याने आवरत नाही. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने नायट्रोग्वानिडीन मिसळलेले, कमी तापमानाला जळणारे कॉर्डाइट वापरले. पोटॅशियमचे क्षारही भडका दाबतात, पण धूर वाढवतात. धूर पत्करायचा की जाळ, हा निवाडा दारू निवडतानाच करावा लागतो. स्वतः काडतुसे भरणाऱ्यालाही तो चुकत नाही.