परक्यांची युद्धे आणि आपली दारे



इंदापूर-बारामतीच्या श्रोत्यांपुढे अफगाणिस्तानाची कथा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हांला इंदापुरातच सापडते. निजामशाहीच्या चाकरीत असलेले मालोजीराजे भोसले येथल्या लढाईत पडले, आणि नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे त्यांनी शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. ज्या शाहीची त्यांनी चाकरी केली ती मुसलमानी, आणि ज्या मोगलांशी ती झगडत होती तेही मुसलमानच. त्या काळी तलवारी कमी चालल्या असे नव्हे. पण धर्म एक म्हणून बाजू एक, असा हिशेब तेव्हा कोणी धरीत नसे. इंदापुरातली मुसलमान वस्ती जुनी आहे, आणि कुराण तेव्हाही हेच होते. मग जगभरच्या मुसलमानांना एकाच रणांगणावर बोलावणाऱ्या सशस्त्र टोळ्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतच कोठून आल्या? सगळा दोष ग्रंथावर टाकून मोकळे होणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे.

विचार आधीपासून होता, हे मान्य केले पाहिजे. हसन अल्-बन्ना याने 1928 साली इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहूड काढली. मौलाना मौदूदी तर आपल्याच मराठवाड्यातले. 1903 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांचा जन्म झाला आणि 1941 साली लाहोरास त्यांनी जमाते इस्लामी स्थापिली. राज्य ईश्वरी कायद्याचे असावे, हा त्यांचा आग्रह. परंतु पुस्तके लिहिणे, निवडणुका लढविणे, तुरुंगात जाणे यांतच त्या पक्षाची कित्येक वर्षे गेली. देशोदेशींच्या तरुणांना बंदूक देऊन तिसऱ्याच देशात लढावयास नेणारी यंत्रणा त्यांच्यापाशी नव्हती. ती उभी केली युद्धाने.

डिसेंबर 1979 मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढच्या नऊ वर्षांत दहा लाखांच्या आसपास अफगाण मेले असा अंदाज आहे. लाखो लोक पाकिस्तानात आणि इराणात निर्वासित झाले. अमेरिकेला व्हिएतनामचे उट्टे काढावयाचे होते. तिने पैसा ओतला, सौदी अरेबियाने तितकाच घातला, आणि ही सारी रसद वाटण्याचे काम पाकिस्तानच्या आय.एस.आय.कडे आले. येथेच मेख आहे. कोणत्या गटाला किती द्यायचे हे जनरल झिया-उल-हक यांचे अधिकारी ठरवीत, आणि त्यांनी सर्वांत मोठा वाटा दिला तो गुलबुद्दीन हिकमतयारसारख्या कडव्यांना. देशभक्त अफगाण, जुने राजनिष्ठ, सुफी पिरांचे मुरीद हे मागे पडले. 1986 पासून खांद्यावरून विमान पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रेही त्या डोंगरांत पोचली.

पेशावरास 1984 साली अब्दुल्ला अज्जाम या पॅलेस्टिनी विद्वानाने परदेशी स्वयंसेवकांसाठी कचेरी उघडली. त्याला पैसा पुरविणारा तरुण म्हणजे ओसामा बिन लादेन. अफगाण भूमीचे रक्षण हे प्रत्येक मुसलमानाचे व्यक्तिगत कर्तव्य आहे, असा अज्जामचा फतवा होता. खरे पाहता रशियनांशी झुंजले ते अफगाणच. या अरब पाहुण्यांनी लढाईचे पारडे फिरविले नाही. पण त्यांना एकमेकांची ओळख झाली, शस्त्रांची सवय झाली आणि महासत्ता हरविल्याचा कैफ चढला. 1988 साली त्याच पेशावरात अल् कायदा जन्मली. फेब्रुवारी 1989 मध्ये रशियन परतले. वॉशिंग्टनला मग त्या देशात रस उरला नाही. लढण्याखेरीज दुसरा धंदा न शिकलेल्या हजारो माणसांचे काय करायचे, हे कोणी ठरविलेच नव्हते.

निरेच्या कालव्यावरचे आपण लोक, आपल्याला हे नवे नाही. वरच्या अंगाला बेसुमार पाणी सोडले की ते जमिनीखालून पाझरते आणि ज्याने पाट फोडलाही नाही अशा खालच्या शेतकऱ्याच्या रानात मीठ वर येते. फरक एवढाच की पाणी आपोआप उतारास लागते. या माणसांना उतार दाखविणारे हात होते. हाफिज सईद याची लष्कर-ए-तोयबा अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतात तयार झाली आणि 1990 नंतर पाकिस्तानी लष्कराच्या आश्रयाने काश्मिराकडे वळली. काश्मिरात त्या आधीच, 1987 च्या निवडणुकीतील गैरप्रकारांनी, असंतोष पेटलेला होता. तेवढी आपल्या घरची चूकही सांगितली पाहिजे.

त्याच लष्करचे दहा जण 26 नोव्हेंबर 2008 रोजी कराचीहून समुद्रमार्गे मुंबईत उतरले. 166 माणसे गेली. साताऱ्याकडच्या तुकाराम ओंबळे यांनी निव्वळ काठीनिशी एकाला धरून ठेवले आणि प्राण दिला. त्या जिवंत सापडलेल्या कसाबला 21 नोव्हेंबर 2012 रोजी आपल्या पुण्यात, येरवड्यास, फाशी झाली.

तोवर दुसरे युद्ध पिकून आले होते. अमेरिकेने 2003 साली इराक जिंकला आणि मे महिन्यात तेथले सैन्यच बरखास्त केले. अपमानित, बेकार अधिकारी आणि अफगाणिस्तानात तयार झालेला झरकावीचा गट यांची गाठ पडली. त्यातूनच पुढे आयसिस निघाली. 2014 च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर बगदादला गेले आणि तेथून नाहीसे झाले. कल्याणच्या मुलांना मोसुलच्या भांडणाशी काय देणेघेणे होते?

युद्धाच्या माथी सारे मारून मारेकऱ्यांना सोडून द्यावे, असा आमचा पक्ष नाही. बंदूक चालविणारा आणि ती हाती देणारा, दोघांचाही जाब वेगवेगळा घेतला पाहिजे. मुंबईच्या मुसलमानांनी तो आपल्या परीने घेतला. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात जागा देण्यास तेथल्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. निरपराधांना मारणारे हे लोक मुसलमानच नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते नऊ मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले, आणि जानेवारी 2010 मध्ये सरकारला ते गुपचूप पुरावे लागले.