चाकांवरचं घर

प्रवासाला निघावं आणि घरही बरोबर न्यावं, ही माणसाची फार जुनी हौस. आपल्याकडे जत्रेला निघालेल्या बैलगाडीत पेंढ्यावर घोंगडी अंथरलेली असे, वर तट्ट्याचं छप्पर, गाडीखाली टांगलेला कंदील आणि कोपऱ्यात शिध्याचं गाठोडं. पण ती गाडी एरवी शेतात राबणारी. निव्वळ मौजेच्या भटकंतीसाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या चाकांवरच्या घराची गोष्ट सांगायची, तर इंग्लंडमध्ये १८८५ सालापर्यंत मागं जावं लागतं.

डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातले निवृत्त शल्यवैद्य. मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. भारी लाकडाचं काम, पुस्तकांचं कपाट, निजायला सोफा, स्वयंपाकाला तेलाचा स्टोव्ह असा सारा थाट होता. सामानासकट तिचं वजन सुमारे दोन टन भरे आणि ती ओढायला दोन घोडे लागत. ती घेऊन डॉक्टरसाहेब ट्वायफर्डहून निघाले ते थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला पोहोचले. प्रवासाचं वर्णन त्यांनी पुस्तकातही लिहिलं.

हा थाट वाचताना मला मात्र दोन माणसं दिसत राहतात. एक गाडीवान आणि दुसरा खासगी नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि समोरून येणाऱ्या वाहनांना सावध करी. घोड्यांचा खरारा, दाणापाणी, झाडलोट, स्वयंपाक ही कामं असतातच. ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, की मालकाला सोफ्यावर पडून निसर्ग पाहता येतो. चाकांवरच्या घराचा इतिहास हा माझ्या मते सोयींचा कमी आणि या कामाच्या वाटणीचा अधिक आहे.

ही वाटणी बदलली ती मोटारीनं. १९४७ साली बेन पोन या डच मोटारविक्रेत्यानं वहीत एका चौकोनी गाडीचं साधं रेखाचित्र काढलं. त्यातून १९५० साली फोक्सवॅगनची व्हॅन कारखान्याबाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वीडेनब्रुक इथल्या वेस्टफालिया कंपनीनं तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. हा बॉक्स म्हणजे काढता-घालता येणारं लाकडी सामान. आठवडाभर व्हॅननं दुकानाचा माल वाहायचा. शनिवारी बॉक्स चढवला की तीच गाडी कुटुंबाचं घर होई. युद्धात होरपळलेल्या देशात नोकर ठेवण्याची ऐपत कोणाची होती? घराचा मालक हाच आता गाडीवान झाला, आचारी झाला आणि मिस्त्रीही झाला.

मग एकेक अडचण सुटत गेली. आत ताठ उभं राहता येईना, म्हणून वर उचललं जाणारं छप्पर आलं. दिवसा बसायचं बाक रात्री उलगडून पलंग होऊ लागलं. बर्फाच्या पेटीच्या जागी पुढे फ्रिज आला. यातलं तत्त्व १९२२ साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलं होतं. या फ्रिजला पंप नसतो, तो गॅसच्या ज्योतीवरही चालतो. पण आतला अमोनिया उताराच्या आधारानं फिरतो, म्हणून गाडी सपाटीवर उभी करावी लागते. रात्री दिवा जळत राहिला तरी सकाळी इंजिन सुरू व्हावं, यासाठी घरापुरती वेगळी दुसरी बॅटरी बसवण्याची पद्धत पडली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी भोक ठेवतात. गळती झालीच तर गॅस बाहेर पडावा. प्रत्येक सोय अशी सोबत एक नवी काळजी घेऊन आली.

सगळ्यात मोठी काळजी इंजिनाची. फोक्सवॅगनच्या जुन्या इंजिनाला रेडिएटरच नव्हता, ते हवेवर थंड होई. वाळवंटात पाणी उकळण्याची भीती नाही, थंडीत गोठण्याचीही नाही. मात्र एकच पट्टा थंडाव्याचा पंखा आणि जनरेटर दोन्ही फिरवी. पट्टा तुटला की समोर तांबडा दिवा लागे. तो दिसताच थांबलं नाही, तर इंजिन तापून निकामी होई. दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलायचं आणि आपले मिस्त्री ज्याला ‘टॅपेट सेट करणं’ म्हणतात ते करायचं. त्यातली फट कमी झाली, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो.

हे ज्ञान सामान्य माणसापर्यंत नेलं ते अमेरिकेतल्या जॉन म्यूर यांनी. विमान उद्योगातली अभियंत्याची नोकरी सोडून साधं जीवन स्वीकारलेला हा माणूस. १९६९ साली त्यांनी फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी, हे सांगणारं पुस्तक काढलं. ज्याला पाना कसा धरावा हेही ठाऊक नाही, अशा वाचकासाठी ते लिहिलेलं होतं.

याच काळात अशा गाड्या आपल्या दारापर्यंत आल्या. युरोपातले तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा रस्ता तुडवत दिल्लीला आणि तिथून गोव्याला हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर येत. कोणी बसनं, कोणी मिळेल त्या वाहनानं, तर कोणी स्वतःच्या व्हॅननं. त्यांच्या केसांची आणि कपड्यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. पण हजारो किलोमीटरच्या धुळीतून जुनी गाडी चालती ठेवायची, तर हातांना काळं तेल लागू द्यावंच लागतं, याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला. जुन्या धाटणीची ती व्हॅन मात्र ब्राझीलमध्ये २०१३ सालापर्यंत तयार होत राहिली.

महाराष्ट्रानं २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आखलं, केरळनंही त्याच वर्षी. आता वातानुकूलित शयनगृह, न्हाणीघर असलेल्या गाड्या चालकासह भाड्यानं मिळतात. म्हणजे डॉ. स्टेबल्स यांचा गाडीवान परत आला म्हणायचा! त्यात वावगं काही नाही. मात्र आपण आत निवांत झोपतो, तेव्हा त्या चालकाला पाठ टेकायला जागा कुठे आहे, हे गाडी ठरवताना जरूर विचारावं. आणि स्वतःची व्हॅन सजवणार असाल, तर पडदे आणि गाद्या घेण्याआधी एक जादा पट्टा आणि पान्यांचा संच घ्यावा. दूरच्या रस्त्यावर, ओसाड माळावर रात्री निवांत झोप लागते, ती आपल्या गाडीची नस आपल्याला ठाऊक आहे या भरवशावर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)