छपाई नाशिकरोडची, नियम मॉन्ट्रियलचा

भारताच्या पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, हे नाशिककरांना ठाऊक आहे. पण त्या पुस्तिकेचा आकार, फोटोची जागा, तळाच्या दोन ओळी, हे सगळं ठरतं कॅनडातल्या मॉन्ट्रियलला. तिथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं म्हणजे 'आयकाओ'चं मुख्यालय आहे. १९४४ च्या शिकागो करारातून ती जन्मली, १९४७ ला कामाला लागली. आज १९३ देश तिचे सदस्य आहेत.

सुरक्षा परिषदेत एका नकाराधिकाराने ठराव अडतो, तेव्हा "यूनोचं ऐकतं कोण?" असं आपण सहज म्हणतो. ते खोटंही नाही. पण नियम बनवणाऱ्या संस्थांची ताकद वेगळी असते. १८६५ मध्ये तारेसाठी आणि १८७४ मध्ये टपालासाठी अशा संघटना झाल्या, कारण सीमेपलीकडे संदेश पोहोचवायचा तर सगळ्यांची पद्धत एक हवी. आयकाओकडे ना फौज, ना पोलीस. तरी हाताने लिहिलेले पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ पर्यंत बंद करायचे असं तिने ठरवलं, आणि भारतातही जुने पासपोर्ट बदलून घेण्यासाठी धावपळ झाली. बदलला नाही तर समोरचा देश व्हिसा नाकारू शकत होता, एवढा धाक पुरे होता.

आपल्या घरांतही हा बदल आला. पूर्वी हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना खास 'पिलग्रिम पास' मिळायचा. २००९ पासून सौदी सरकारने नेहमीचा आंतरराष्ट्रीय पासपोर्टच मागितला. गावाबाहेर क्वचित गेलेल्या आजी-आजोबांनाही मग पासपोर्ट काढावा लागला.

तळाच्या त्या दोन ओळी मशीनसाठी असतात, प्रत्येकीत ४४ अक्षरं-चिन्हं. पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा, त्याही फक्त इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं लांबलचक नाव असेल तर ते तिथे कापलं जातं. म्हणून उमराहचं तिकीट काढताना नाव आधार कार्डावरून नको, पासपोर्टवरून उतरवा, एकेक अक्षर जुळवून.

आता चिपवाले ई-पासपोर्ट आलेत. त्या चिपमध्ये माहिती कशी ठेवायची, तेही आयकाओनेच ठरवलंय. तिच्या परिषदेवर ३६ देश असतात, दर तीन वर्षांनी निवडून येणारे.