शय्याव्रण : दोष रोगाचा की शुश्रूषेचा?

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीच्या परिसरात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा प्रामुख्याने घरातच होत आलेली असल्यामुळे, या भागातील शय्याव्रणाच्या संस्थात्मक शुश्रूषेचा माग काढताना वृद्धाश्रमांपेक्षा कुष्ठधामांकडे आणि पुनर्वसन केंद्रांकडे वळावे लागते. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी व मांस दीर्घकाळ दाबले गेले की तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि माकडहाड, खुबा, टाच अशा ठिकाणी जखम पडते. तिलाच शय्याव्रण म्हणतात.

ही जखम रोगामुळे होते की शुश्रूषेतील उणिवेमुळे, हा वाद एकोणिसाव्या शतकात युरोपात रंगला. मज्जारज्जूला इजा झाली की कातडी आपोआप सडते, असे पॅरिसचे मज्जातंतुतज्ज्ञ शार्को मानत, तर ब्राउन-सेकार यांनी त्यापूर्वीच, 1850 च्या दशकात, प्राण्यांवरील प्रयोगांतून दाब टाळल्यास आणि स्वच्छता राखल्यास जखम टळते असे दाखवले होते. 1859 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही दोष बहुधा शुश्रूषेकडेच जातो असे बजावले. तथापि शार्को यांच्या दबदब्यामुळे अशा जखमा अटळच असतात, ही समजूत दीर्घकाळ टिकली.

इंद्रवेल्लीच्या दक्षिणेस, तेव्हाच्या निजामी राज्यातील डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर यांनी 1915 मध्ये कुष्ठरुग्णालय सुरू केले, आणि उत्तरेस, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी 1951 मध्ये आनंदवन उभारले. कुष्ठरोगात नसा बधिर होऊन पायाच्या तळव्याला दाब कळेनासा होतो, त्यामुळे चालताना पडणारे व्रण वर्षानुवर्षे चिघळत राहतात आणि कुष्ठरोग्याचे मांस भरूनच येत नाही, असा समज रूढ झाला होता. वेल्लोरचे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी 1946 नंतरच्या कामातून, पायाला प्लास्टर घालून दाब वाटून दिला आणि पुढे मऊ रबराच्या चपला दिल्या तर तेच व्रण भरून येतात हे सिद्ध केले, आणि शय्याव्रणालाही मुळाशी हेच तत्त्व लागू पडते.

अंथरुणावरील रुग्णांच्या बाबतीत निर्णायक बदल इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे घडला, जेथे 1944 पासून लुडविग गुटमान यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलण्याचा दंडक घातला. 1962 मध्ये डोरीन नॉर्टन व सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी प्रकृती, मनःस्थिती, हालचाल, चालण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा या पाच कसोट्यांची गुणपद्धती तयार केली; 20 पैकी 14 किंवा त्याहून कमी गुण मिळालेला रुग्ण धोक्यात समजला जाई. महाराष्ट्रात या शुश्रूषेची मोठी गरज पुण्याजवळील खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात भासली, जे 1974 मध्ये अपंग सैनिकांसाठी सुरू झाले.

या काळात व्यवहारही पालटला. स्पिरिट चोळून वर पावडर लावण्याची एके काळी सर्वत्र शिकवली जाणारी रीत मागे पडली, कारण लाल झालेली कातडी चोळल्याने आतील मांसाला अधिकच इजा होते. आता बोटाने दाबून पाहिल्यावरही लाली फिकी पडत नसेल तर ती जखमेची पहिली पायरी धरतात. सावळ्या कातडीवर मात्र लाली सहज दिसत नाही, म्हणून तेथील ऊब, टणकपणा आणि वेदना तपासाव्या लागतात. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणे, गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेले कापड ठेवणे, अंथरूण कोरडे राखणे आणि आहारात पुरेशी प्रथिने देणे, ही कामे महागड्या गादीवाचूनही होऊ शकतात, परंतु रात्री कूस बदलायला जागे असलेले माणूस लागतेच.

2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण ती खाटांची मोजदाद आहे. या जखमेच्या दीड शतकाच्या इतिहासातून मात्र असे दिसते की, खाटांच्या संख्येइतकाच त्या खाटांपाशी रात्रपाळीला किती हात आहेत हा प्रश्नही निर्णायक असतो, आणि घरातील सेवेचा भार जेथे एकाच सुनेवर किंवा मुलीवर पडतो तेथे तर तो अधिकच बिकट होतो.