पस्तिसातली पाच

४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीराव फुल्यांनी सरकारला एक इंग्रजी पत्र पाठवलं. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली होती, त्यांवर जोतीरावांनी दिलेलं हे मत. त्यात आपल्या घरच्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा हिशेब आहे. तोवर तिथे ३५ विधवा बाळंत झाल्या. त्यांची ५ मुलं जगली, ३० गेली.

या गृहावरची भाषणं दर ११ एप्रिलला कानांवर पडतात, पण हा आकडा कुणी सांगत नाही. कौतुकाच्या भाषणात तो बसत नाही. माझी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, त्यामुळे माझी नजर आधी ३०वरच गेली. मुलं गेली कशानं? जोतीरावांनी कारणही दिलंय. पोट लपवायचं म्हणून या बायकांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असत आणि त्यानं पोटातल्या जिवाला इजा झालेली असे. म्हणजे आधी दिवस लपवायचे, मग कुणीतरी आणून दिलेले काढे गुपचूप प्यायचे, त्यानंही भागलं नाही की मग गंज पेठेची वाट धरायची. दार उघडं होतं, पण तिथवर यायलाच उशीर होत होता. लोक काय म्हणतील या धाकानं किती जीव जातात, ते इतक्या कोरड्या आकड्यांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

कोण होत्या या? आठव्या-दहाव्या वर्षी लग्न झालेल्या आणि नवरा नीट पाहायच्या आत त्याला गमावलेल्या ब्राह्मण मुली. केशवपन, लाल आलवण, एक वेळचं जेवण, आणि माहेरी किंवा सासरी राबणं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण कायदा झाला म्हणून माजघरातलं काही हललं नाही. काहीजणी दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला राहत. काशीबाई त्यांतलीच. जोतीरावांच्या एका ब्राह्मण स्नेह्याकडे ती स्वयंपाकीण होती. कुणी शास्त्रीबुवा तिच्या मागे लागला. दिवस गेले, त्याच्याच सांगण्यावरून औषधं घेतली, ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. तिनं तो मारला आणि घरामागच्या विहिरीत टाकला. दोन दिवसांत ती पकडली गेली, पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि जन्मठेप काळ्या पाण्यावर. शास्त्रीबुवाचं काय झालं, असं विचारायचं कारणच नव्हतं. नव्या पिनल कोडात आईसाठी ३०२ होतं, बाळाचा देह लपवण्यासाठी ३१८ होतं. मूल आलं कुठून, हे विचारणारं कलम नव्हतं.

या खटल्यानंतर लगेच आपल्याच आवारात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी हे गृह काढलं. साल १८६३ सांगतात. ब्राह्मण आळ्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. मतलब असा: इथे येऊन गुपचूप, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. चिकटवणारा माळी, आणि ज्या आळ्यांनी त्याला शाळा काढल्याबद्दल छळलं त्याच या आळ्या. मला याहून मोठी वाटते ती जाहिरातीत नसलेली गोष्ट. बाप कोण, हे सांगायची अट नाही. पश्चात्तापाची अट नाही.

वॉर्डात मी कनवाळू माणसं पुष्कळ पाहिली. डोळ्यांत पाणी आणून हळूच विचारणारी, ‘बाई गं, पण कोणाचं?’ त्या एका प्रश्नासरशी पोरगी भिंतीकडे तोंड करते आणि मग रक्तस्राव किती दिवस चाललाय तेही सांगत नाही. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कुठेच लागत नाही. तरी सही मागणारे मी पाहिलेत. शिवाय, गर्भनिरोधाचं साधन फसलं तर सवलत मिळे ती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ यांना. ते शब्द बदलायला २०२१ उजाडलं.

फुल्यांच्याच काळात पंढरपूरला वेगळी अडचण होती. क्षेत्राच्या ठिकाणी यात्रेच्या निमित्तानं विधवेला आणायचं, बाळंत करायचं आणि मूल टाकून परत न्यायचं, हे सर्रास चाले. तिथले सब-जज्ज लालशंकर उमियाशंकर, प्रार्थना समाजाचे. त्यांनी १८७५ साली अशा मुलांसाठी आश्रम काढला. पुढे त्याला वासुदेव बाबाजी नवरंगे यांचं नाव मिळालं. न्याय देण्याची नोकरी करणाऱ्या माणसाला हे सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला पहिल्या काशीबाईसारख्याच बालहत्येच्या गुन्ह्यासाठी फाशी सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांना जोर चढला, सगळ्या बायकाच कशा वाईट ते लिहून झालं. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. तिच्यावर एवढी टीका झाली की त्यांचं दुसरं पुस्तक आलंच नाही. बाजू घेतली ती जोतीरावांनी, ‘सत्सार’मध्ये.

फुल्यांच्या गृहात आलेल्या आणखी एका विधवेचं नावही काशीबाई. अंदमानात गेलेली ती ही नव्हे. भाषणांत दोघींची सर्रास खिचडी होते. या दुसरीचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतला, तो यशवंत. विधवेच्या पोटचा म्हणून त्याला मुलगी द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी १८८९ साली सत्यशोधक ज्ञानोबा ससाण्यांनी आपली राधा दिली. पुढच्याच वर्षी जोतीराव गेले, तेव्हा भाऊबंद टिटव्यावरून अडून बसले: या दत्तकाचा हक्क नाही. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालू लागल्या. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी दवाखाना चालवला, आणि तिथेच रोग्यांची ने-आण करताना प्लेग होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.