गाडी ठरवण्याआधी थोडा इतिहास



कापसाची वेचणी सरली की आपल्या गेवराई तालुक्यात गावोगावच्या गटांत एक विषय निघतो. औंदा कुठं जायचं? उमापूरसारख्या गावात दहा-बारा जणी मिळून वर्गणी काढतात आणि एक गाडी भाड्यानं ठरवतात. वेरूळ, दौलताबाद, पैठण ही नावं यादीत येतात. मग गाडीवाला सांगतो, "काळजी करू नका, एका दिवसात सगळं दाखवून आणतो." दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, मकबरा, पाणचक्की, सगळं एकाच दिवसात! रात्री उशिरा घरी आल्यावर पाय दुखतात, आणि काय पाहिलं असं सुनेनं विचारलं तर "लई मोठ्ठं होतं बाई" यापुढं काही सांगता येत नाही.

आज गाडी कशी ठरवायची ते बोलायचं आहेच. पण आधी थोडा इतिहास बघू, कारण ही जुनी ठिकाणं कशी उभी राहिली हे कळलं की ती कशी बघायची हेही आपोआप कळतं.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पैठण हे सातवाहन राजांचं मोठं शहर होतं. त्याचं तेव्हाचं नाव प्रतिष्ठान. त्याच काळात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. तो लिहितो, की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि पैठणपासून दहा दिवसांवर तगर नावाचं दुसरं मोठं शहर आहे. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. पैठणहून रंगीत मौल्यवान खडे आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचं सुती कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराकडं जायचं, असं त्यानं नोंदवलं आहे.

नकाशा घ्या आणि पैठणपासून तेरपर्यंत सरळ रेघ ओढा. ती रेघ आपल्या बीड जिल्ह्यातूनच जाते. आज जीपनं चार-पाच तासांत होणारा प्रवास तेव्हा दहा दिवसांचा होता. एकटंदुकटं कुणी निघायचं नाही. व्यापारी, कारागीर, यात्रेकरू असा तांडा जमायचा. त्या तांड्याला सार्थ म्हणायचे आणि त्याला घेऊन जाणाऱ्याला सार्थवाह. वाट, पाणी आणि मुक्काम यांची माहिती असलेला हा माणूस. आपला आजचा ड्रायव्हर त्याचाच वारसदार म्हणायचा.

सह्याद्रीतली आणि मराठवाड्यातली पुष्कळ जुनी लेणी अशा व्यापारी वाटांच्या आसपास आहेत. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जागा लागायची, वाटसरूंची तिथं ये-जा असायची आणि त्यांच्यातूनच दान मिळायचं. कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोरा नावाची लेणी आहेत. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यात पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. एक राजवैद्य आहे आणि त्याची मुलगी दत्ता हिचंही नाव आहे. तिथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास सोनार. म्हणजे हे काम एकट्या राजानं केलेलं नाही. वाटेवरच्या माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणं वाटा उचलला, आणि त्या माणसांत बायकाही होत्या.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांत चला, कारण तिथली गोष्ट खास बचत गटासाठी आहे. तिथं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडं ठेव म्हणून दिली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक व्याज, आणि हजारावर महिन्याला शेकडा पाऊण. मुद्दल कधी मोडायचं नाही. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना दर वर्षी प्रत्येकी बारा नाणी कपड्यासाठी द्यायची. आपल्या गटाच्या हिशेबनीस ताईंनी आत्ता मांडून बघा. शेकडा एकनं दोन हजारांचं महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा दिले की बरोबर दोनशे चाळीस. हिशेब चोख आहे. आज बऱ्याच गटांत शेकडा दोन चालतो, तेव्हा एक होता, एवढाच फरक.

त्याच लेण्यांत पुढच्या काळातला विष्णुदत्ता नावाच्या बाईचा लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्याची कायमची सोय व्हावी म्हणून तिनं पैसे ठेवले. कुणाकडं? कारागिरांच्या श्रेणींकडं. पाण्याची यंत्रं बनवणारे होते, तेली होते. तिथल्याच दुसऱ्या एका लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी या राजाची ही आई. नातवाच्या राज्यात, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिनं हे लेणं दान दिलं. आणि राजाचं नाव बघा, गौतमीपुत्र. त्याच्या मागं वासिष्ठीपुत्र. आईच्या नावानं ओळखले जाणारे हे राजे आपल्या पैठणच्या घराण्यातले.

नाशिक लांब वाटतं? मग आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला चला. यादवांच्या काळात खोलेश्वर नावाचा सेनापती होता. त्याचा मुलगा राम गुजरातच्या लढाईत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या आठवणीत देऊळ बांधलं आणि तसा लेख कोरवला. तो शके ११६२ चा आहे, म्हणजे इसवी सन १२४० च्या सुमाराचा. आपण योगेश्वरीचं दर्शन घेतो, ओटी भरतो आणि गाडीत बसतो. लक्ष्मीच्या भावाची आठवण जिथं दगडात आहे त्या गावातून आपण विचारपूस न करता परत येतो. तिथंच हत्तीखान्याची लेणी आहेत, दगडातले मोठाले हत्ती आहेत, बाराखांबी आहे. हे सगळं बघायचं तर तो दिवस अंबाजोगाईलाच द्यावा लागतो.

माझं सांगणं एवढंच आहे. कुठं थांबायचं आणि किती वेळ थांबायचं हे ज्याच्या हातात, सहल त्याची. वर्गणी आपली, दिवस आपला, शेतातली कामं पुढंमागं करून काढलेली सवड आपली. मग थांबण्याचा निर्णय दुसऱ्याच्या हातात का द्यायचा?

तर आता गाडीचं बोलू.

पहिली गोष्ट, यादी आपण करायची आणि ती छोटी ठेवायची. उमापूरहून दोन दिवस मिळत असतील तर असं करता येईल. पहिल्या दिवशी पहाटे निघून पैठण, नाथांची समाधी आणि गोदाकाठ. तिथून छत्रपती संभाजीनगरमार्गे दुपारपर्यंत वेरूळ. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळं दुपारनंतर त्याच्यावर ऊन चांगलं येतं. संध्याकाळी घृष्णेश्वर. सध्याचं हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं आहे, आणि त्यांचं जन्मगाव चौंडी आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. मुक्काम वेरूळ किंवा खुलताबादला. दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात उरलेली लेणी आणि परतताना दौलताबाद. अजिंठा या यादीत घालू नका. संभाजीनगरहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास दुसऱ्या दिशेला आहे. त्यासाठी तिसरा दिवस काढा, नाहीतर पुढच्या वर्षी जा.

दुसरी गोष्ट, वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराला फार गर्दी असते. दोन-दोन महिने पैसे साठवून जायचं आणि कुलूप बघून यायचं, असं होऊ नये.

तिसरी गोष्ट, भाड्याचं बोलणं दोघी-तिघींनी बसून करा आणि कागदावर लिहून घ्या. भाडं किलोमीटरवर की दिवसावर? किलोमीटर आपल्या गावातून मोजणार की गाडीमालकाच्या दारातून? दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार? टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता यात आहे की वेगळा? निघताना आणि आल्यावर मीटरचा आकडा एकीनं वहीत लिहायचा. भाड्याची परवानगी असलेल्या गाडीची नंबरप्लेट पिवळी असते, तीही बघून घ्या. गाडीत जेवढ्या जागा तेवढ्याच बायका. मांडीवर बसवून दोन जणी जास्त नेल्या तर वाचलेल्या पैशापेक्षा त्रास मोठा.

चौथी गोष्ट, ड्रायव्हरदादांशी निघायच्या आधीच स्पष्ट बोला. "दादा, वेरूळला आम्ही चार तास थांबणार. वाटेत दुकानात न्यायचं असेल तर आधी आम्हाला विचारा. रात्री उशिरा गाडी चालवायची नाही." हे रागानं सांगायची गरज नाही. आपण ठिकाणं बघत असतो तेव्हा त्यांनी झोप घ्यावी, आपल्या डब्यातलं जेवावं. वाटा त्यांना ठाऊक असतात, पाणी कुठं चांगलं, बायकांसाठी स्वच्छ संडास कुठं, हे त्यांना नक्की विचारा. सार्थवाहाचा मान त्यांना द्या, पण सार्थ आपला आहे हे विसरू नका.

पाचवी गोष्ट, चालण्याचा अंदाज घ्या. वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. जैन लेणी बरीच पुढं आहेत. सगळी बघायचा हट्ट नको. १० नंबरचं विश्वकर्मा लेणं, १६ नंबरचा कैलास आणि ३२ नंबरची इंद्रसभा, एवढी तीन नीट बघितली तरी तीन धर्मांचं काम बघून होतं. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूर फाट्यावर थांबते. पुढं तिथली बस घ्यावी लागते आणि नंतर पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, त्यांचा दर आधी ठरवा. आजीला गाडीत बसवून ठेवायचं आणि आपण बघून यायचं, हे मात्र करू नका. तिनंही वर्गणी दिली आहे.

कैलासासमोर उभ्या राहाल तेव्हा एक गोष्ट आठवा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे देऊळ डोंगरात वरून खाली कोरत आणलं. एका जुन्या मराठी कथेत त्याचं कारण वेगळंच सांगितलं आहे. राणीनं नवस केला होता, की देवळाचं शिखर बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही. पायापासून बांधत शिखर यायला वर्षं लागली असती. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं आला आणि त्यानं कळसापासूनच सुरुवात केली, म्हणजे राणीचा उपास लवकर सुटेल. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण राणीच्या उपासाची काळजी घेणारा तो कारागीर लोकांनी पैठणचा सांगितला, हे आपल्या मुलखाला शोभणारं आहे.

जाताना गटाची वही बरोबर ठेवा. प्रत्येक ठिकाणी एकीनं चार ओळी लिहायच्या. इथं काय बघितलं, कुणी बांधलं, कुणा बाईचं नाव ऐकलं. फलक वाचून दाखवायचं काम शाळेत जाणाऱ्या मुलीला द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना या लेण्यांत तिकीट लागत नाही, तेव्हा एक-दोन मुली बरोबर घ्यायला हरकत नाही. कुठं लेख आहे का, असं तिथल्या पहारेकऱ्याला किंवा परवाना असलेल्या गाईडला विचारा. विचारलं तर दाखवतात. परत आल्यावर पुढच्या बैठकीत खर्चाचा हिशेब वाचताना त्या ओळीही वाचा. ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांनाही सहलीचा वाटा मिळेल.

बरं मैत्रिणींनो, यंदा कुठं जायचं ते आपापल्या बैठकीत ठरवा. यादी छोटी, थांबा मोठा. नमस्कार.