वैद्यकीय अध्यापकांमधील बर्नआउट : बीड जिल्हा

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉक्टरांना कामाच्या दीर्घ ताणामुळे येणारी अवस्था. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये बर्नआउट ही संज्ञा रूढ केली. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली : भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार मानलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याचा तो परिणाम मानला आहे.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे केंद्र अंबाजोगाई आहे. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये स्थापन झाले. ग्रामीण भागासाठीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हीच त्याची ओळख. परळी, केज, धारूर या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येथे येतात. सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतपणे आणि अपघात यांना वेळ-काळ नसतो.

कामाचे स्वरूप : अध्यापकाचा दिवस वॉर्डातल्या राउंडने सुरू होतो. मग ओपीडी किंवा शस्त्रक्रिया, दुपारी लेक्चर, त्यानंतर निवासी डॉक्टरांचे प्रबंध आणि विद्यार्थ्यांच्या लॉगबुकवरील सह्या. युनिटची इमर्जन्सी असेल तर रात्रीही बोलावणे येते. एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांत साक्षीसाठी न्यायालयात जावे लागते. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवेत. ते लिहायला उरते ती रात्र किंवा रविवार. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात लहान गटांत शिकवण्यावर भर आहे. ही पद्धत चांगली आहे, पण तिला माणसे जास्त लागतात.

कारणे : शासकीय महाविद्यालयांतील रिक्त पदे, कंत्राटी नेमणुका आणि महाविद्यालयाच्या मान्यतेच्या तपासणीपुरत्या केलेल्या प्रतिनियुक्त्या ही मुख्य कारणे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. अनुभवी अध्यापकांची मागणी त्याने वाढली. तालुक्याच्या गावी जोडीदाराची नोकरी आणि मुलांचे शिक्षण जमले नाही, तर कुटुंब दुसऱ्या शहरात राहते आणि सुट्टी प्रवासात जाते. रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीची धास्ती वेगळीच. त्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे.

उपाय : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास काम आणि एक साप्ताहिक सुट्टी यांची शिफारस केली. ती रास्तच आहे. मात्र पदे न भरता ती अमलात आणली, तर उरलेले काम अध्यापकांच्या अंगावर येईल. योगवर्ग आणि समुपदेशन यांचा आधार होतो, पण त्याने ड्यूटीचा तक्ता बदलत नाही. नियमित पदभरती, संशोधनासाठी राखीव वेळ, लिपिकी कामासाठी स्वतंत्र मनुष्यबळ, आवारात राहण्याजोगी निवासस्थाने आणि हक्काची रजा हे खरे उपाय आहेत. थकलेल्या अध्यापकाची झळ रुग्णाला लागते, आणि त्याच्याकडे पाहून शिकणाऱ्या पुढच्या डॉक्टरांनाही. म्हणून अध्यापकाची विश्रांती ही त्याची खासगी सोय नसून ग्रामीण आरोग्यसेवेची गरज आहे.